मदत हवी आहे: तिलापिया माशाच्या बोटुकल्यांना (बोटभर पिल्लांना) लवंग तेलाची गुंगी कितपत सुरक्षित?

नमस्कार मंडळी,
बोटुकलींची प्रतवारी करून दुसऱ्या तळ्यात सोडायची आहेत. हाताळताना ती फार उसळतात, खवले निघतात आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. म्हणून लवंग तेलाचा विचार चाललाय.

त्यातलं युजेनॉल माशांना भूल देतं. पूर्ण भुलीसाठी लिटरला साधारण 40 ते 100 मिलिग्रॅम वापरतात, नुसतं शांत ठेवायला बरंच कमी. तेल पाण्यात नीट विरघळत नाही, थेंब तसेच राहतात, म्हणून आधी इथेनॉलमध्ये 1:9 (एक भाग तेल, नऊ भाग इथेनॉल) मिसळून घ्यायचं. मासा कलंडला तरी कल्ल्यांची झाकणं हलत असली पाहिजेत. ती मंदावली की लगेच स्वच्छ, एअरेटर लावलेल्या पाण्यात. इथवर ठीक.

खरी अडचण बाटलीची. कळीचं तेल, पानाचं तेल, दोन्ही ‘लवंग तेल’च, आणि युजेनॉल किती ते लेबलवर नाही. मग मात्रा मोजायची कशावर? आधी चार-पाच माशांवर बघणं पुरतं का? पाणी गरम असेल तर मात्रा किती उतरवता?

दुसरं, हे खाण्याचे मासे आहेत. अमेरिकेच्या एफडीएची (अन्न व औषध नियामक संस्थेची) खाद्य माशांसाठी लवंग तेलाला मान्यता नाही. विक्रीआधी किती दिवस थांबता?

कोणी माशांच्या खाद्यात ओव्याचं किंवा थाइमचं तेल घालतं का? ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे उत्तर कृपया नको, निकोटीनही झाडातूनच येतं. स्वतः वापरलं असेल तर मात्रा, माशाचं वजन आणि पाण्याचं तापमान तिन्ही सांगा.