मदत हवी आहे: दोनशेच्या वर रोमन फिगर्स, रंगकाम आटोक्यात कसं आणायचं?

टेस्टुडो

मंडळी, नमस्कार. टेबलावरच्या युद्धखेळासाठी रोमन सम्राट ट्राजनच्या डेशियन (डेशिया म्हणजे साधारण आजचा रोमानिया) मोहिमांमधलं (इ. स. १०१–१०२ आणि १०५–१०६) रोमन सैन्य उभं करतोय. मिनिएचर २८ मिमी, बहुतेक प्लास्टिकचे. सेंच्युरियन (सेंच्युरी या लहान तुकडीचे अधिकारी) आणि निशाणवाले धातूचे. लेजियनरींच्या (लेजियन या मुख्य सैन्यदलाच्या पायदळ शिपायांच्या) आठ तुकड्या, प्रत्येकी २० फिगर्स. शिवाय ऑक्झिलरी (साहाय्यक) पायदळ, थोडं घोडदळ आणि दोन स्कॉर्पियो (बाण फेकणारी यंत्रं). २० फिगर्सची तुकडी म्हणजे एक कोहोर्ट असं धरलंय. कोहोर्ट ४८० माणसांची, म्हणजे एक फिगर २४ जणांची. लेजियनला दहा कोहोर्ट लागतात हे माहीत आहे, पण तेवढा हट्ट धरत नाही.

पहिली तुकडी एकेक फिगर हातात घेऊन, डोळ्यांतल्या बाहुल्यांसकट रंगवली. दिसते झकास. पण या वेगाने ट्राजन डेशिया जिंकून, स्तंभ उभारून मोकळा होईल आणि माझी तिसरी कोहोर्ट अजून प्रायमरमध्येच (रंगाखालच्या पहिल्या थरातच) असेल.

तर अडचणी अशा. एकदम वीस-चाळीस फिगर्स घ्यायच्या तर रंगांचा क्रम काय ठेवावा? वॉश (सावलीसाठीचा पातळ रंग) मारला की मांडीवर आणि गालावर डाग धरतो, कडेला रेघ उमटते, त्याला काय करायचं? ट्युनिक (अंगरखे) लाल की पांढरे, यावर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ढाली. दीडशेच्या वर स्क्युटम (लेजियनरींच्या मोठ्या वळणदार ढाली) हाताने रंगवणं माझ्याच्याने होणार नाही. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) आणलेत, पण वळणदार ढालीवर ते सुरकुततात.

ओलाब्रश

टेस्टुडोराव, आधी ढाली बाजूला काढा. चिकटवलेल्या ढालीमागे ब्रश जात नाही आणि जिथे जात नाही तिथेच सगळा वेळ खर्च होतो. ढाली स्प्रूवरच (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरच) राहू द्या, त्यांचं काम वेगळं.

फिगर्स लाकडी पट्ट्यांवर पाच-पाच अशा तात्पुरत्या चिकटवा, मध्ये बोटभर जागा सोडून. एक रंग घ्यायचा आणि तो सगळ्या पट्ट्यांवर फिरवायचा. शेवटच्या फिगरपर्यंत पोचता तोवर पहिली वाळलेली असते. पण एका वेळी वीसच्या वर जाऊ नका. चाळीस कमरपट्टे रंगवले की माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या हाताचं काम लगेच ओळखू येतं.

क्रमाचं म्हणाल तर लोरिका सेगमेंटाटावाल्यांना (लोखंडी पट्ट्यांचं चिलखत घातलेल्यांना) धातू आधी. काळा प्रायमर, मग धड आणि हेल्मेट यांवर चांदीचा सढळ ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासणं). ड्रायब्रश कधीच रेघेत राहत नाही, इकडे तिकडे उडतो. म्हणून तो घाणेरडा टप्पा आधी उरकायचा आणि मग ट्युनिक, कातडी, चामडं नीट भरायचं. पितळी पट्ट्या, बकल सगळ्यात शेवटी. धातूवर काळपट वॉश, बाकी सगळ्यावर तपकिरी. मग मूळ रंगाने फक्त नाक, गाल, बोटांची पेरं आणि ट्युनिकच्या खांद्या-मांडीवरच्या घड्या उचलून काढा. संपलं.

डोळे? हातभर अंतरावरून हेल्मेटच्या कपाळपट्टीखाली काही दिसत नाही. ते सेंच्युरियन आणि निशाणवाल्यांनाच काढा, आणि त्यांना पहिल्या रांगेत उभं करा. बघणारा त्यांनाच बघतो आणि बाकीच्यांनाही डोळे आहेत असं गृहीत धरतो.

डाग पडतात ते वॉश पाण्याने पातळ केल्यामुळे असावेत. पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम वापरा. दुसरा ब्रश स्वच्छ, किंचित ओला हाताशी ठेवा आणि थारोळं दिसलं की टोकाने टिपून घ्या. वाळायला लागल्यावर मात्र हात लावू नका, तिथेच ती रेघ उमटते.

प्रायमरपुराण

माझं मत थोडं वेगळं. पांढऱ्या प्रायमरवर पारदर्शक रंग एका हातात सावलीसकट बसतात, वॉशची भानगडच नाही. ऑक्झिलरींच्या घोड्यांना आणि ट्युनिकना मी तेच वापरतो.

ओलाब्रश

घोड्यांना मान्य. पण ज्या फिगरचं अर्धं अंग लोखंडाचं, तिला पांढरा प्रायमर म्हणजे पट्ट्यांमधली प्रत्येक फट पुन्हा काळी करत बसा.

जुनंनाणं

ट्युनिकबद्दल थोडं. सगळ्या लेजियनला एकच गणवेशाचा रंग होता असं छातीठोक सांगता येईल असा पुरावा नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने सम्राट व्हिटेलियसच्या इ. स. ६९ मधल्या रोमप्रवेशाचं वर्णन केलंय. त्यात गरुडनिशाणापुढे चालणारे छावणीप्रमुख, ट्रिब्यून (लेजियनचे वरचे अधिकारी) आणि वरिष्ठ सेंच्युरियन पांढऱ्या वेषात होते असं तो मुद्दाम नोंदवतो. यावरून काही जण म्हणतात की साधे शिपाई पांढऱ्यात नसणार, काही म्हणतात तो फक्त मिरवणुकीचा शुभ्र पोशाख. दोन्हींना वाव आहे.

रंगवणाऱ्याच्या नजरेने बघा. स्वस्त लाल हा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून निघायचा, आणि धुऊन धुऊन, उन्हात तो विटकरी, गुलाबट होत जातो. म्हणून एकच भडक लाल नको. विटकरी, तांबूस तपकिरी आणि फिका असे तीन लाल करा, आणि त्याच तुकडीत विखरून टाका. एखादी कोहोर्ट न रंगवलेल्या लोकरीच्या मळकट पांढऱ्यात ठेवा. टेबलावर तुकड्या लांबूनही वेगळ्या ओळखू येतील, हा फायदा वेगळाच. लाल थेट काळ्यावर झाकत नाही, खाली आधी तपकिरीचा हात द्या.

डेशियाच आहे तर आणखी एक. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर कोरलेल्या शिल्पांत लेजियनरी सेगमेंटाटात आणि ऑक्झिलरी साखळीच्या चिलखतात, लंबगोल ढाली घेऊन, अशी सरळ वाटणी दिसते. पण आजच्या रोमानियातल्या आदामक्लिसीच्या स्मारकावरच्या शिल्पांत लेजियनरी साखळी किंवा खवल्यांच्या चिलखतात आहेत आणि उजव्या हाताला पट्ट्यांचं हस्तत्राण आहे, बहुधा डेशियन फाल्क्सच्या (वाकड्या पात्याच्या शस्त्राच्या) वारांपासून बचावासाठी. प्रत्येक तुकडीत दोन-चार फिगर्सना एपॉक्सी पुट्टीने तसं हस्तत्राण चढवा. पुट्टीची पातळ वळी दंडाभोवती बसवायची आणि सुरीच्या बोथट कडेने आडव्या रेघा दाबायच्या, एवढंच काम आहे.

ढालींवर सगळीकडे एकच चित्र हवं असंही नाही. वेगवेगळ्या कोहोर्टांच्या ढालींवर वेगवेगळी चिन्हं असत आणि ढालीवर शिपायाचं नाव, कोहोर्ट, सेंच्युरी लिहिलेली असे, असं रोमन लेखक व्हेजेशियस सांगतो. तो बऱ्याच नंतरचा, पण आपल्या कामाला पुरेसा. स्तंभावर पंख आणि वज्र कोरलेले आहेत, रंग मात्र उडालेत. सीरियातल्या ड्युरा-युरोपोसला सापडलेली आणि आता येल विद्यापीठाच्या कलादालनात असलेली रंगीत स्क्युटम लाल आहे, गरुड-सिंहासकट. पण ती तिसऱ्या शतकातली. म्हणजे निळी, हिरवी कोहोर्ट केलीत तर कोणी तुम्हाला पुराव्याने खोडून काढू शकणार नाही.

प्रायमरपुराण

डेकलचं मी सांगतो, तिथे माझे हात बसलेत. ढालीला आधी ग्लॉस वॉर्निश, पूर्ण वाळू द्या. डेकल कडेला लागून कापा आणि पाण्यात टाकण्याआधीच उंबोसाठी (ढालीच्या मधल्या धातूच्या उंचवट्यासाठी) मधलं भोक पाडून घ्या. त्या भोकापासून वर-खाली दोन अगदी लहान चिरा द्या. सुरकुत्या पडतात त्या मधल्या उंचवट्याभोवती, आणि चिरांमुळे डेकल तिथे मोकळा होतो. कागदावरून सरकवून बसवा, मधून कडेकडे पाणी टिपत जा, मग डेकल मऊ करणारं द्रव लावा. लावल्यावर तो आणखीच सुरकुततो, बघून धडकी भरते. हात लावू नका. वाळताना तो आपोआप ताणून बसतो. मग कडेचा पितळी काठ आणि उंबो रंगवा, वॉश फक्त काठाच्या आतून फिरवा.

टेस्टुडो

ओलाब्रश, जुनंनाणं, प्रायमरपुराण, तिघांचेही मनापासून आभार. तीन लाल नक्की, आणि डोळ्यांचा नाद सोडला. मंजिष्ठेचं कळल्यावर भडक लालच्या दोन बाटल्या मागे ठेवल्या. आता शेवटचं: मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की कधी कधी वर पांढरट धुकं येतं. आणि धातू मेल्यासारखा दिसतो.

ओलाब्रश

धुकं बहुतेक वेळा दमट हवेमुळे किंवा जाड थरामुळे. कोरडा दिवस बघा, डबा भरपूर हलवा, वीतभराहून थोडं लांबून पातळ हात मारा, आणि आधी रिकाम्या स्प्रूवर करून बघा. हवा दमटच असेल तर ब्रशने लावायचं मॅट घ्या. आलेलं धुकं ग्लॉसच्या एका हाताने बरेचदा निघतं, मग पुन्हा पातळ मॅट. आणि मॅटनंतर हेल्मेट नि खांद्याच्या पट्ट्यांवर चांदीचा हलका ड्रायब्रश फिरवा, धातू पुन्हा बोलायला लागतो.

बेसला चिकटवायच्या आधी प्लास्टिकचे पिलम (फेकायचे भाले) मात्र तारेने बदलून घ्या. वॉर्निश कितीही मारलंत तरी पहिले तेच मोडतात.