मोजणीदार ते आमदार

कुणीतरी विचारलंय, जमीन मोजणाऱ्या मोजणीदाराला राजकारण कसं जमायचं? मोजणीदार एडवर्ड जॉली बघा. 1850 मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचा नकाशा यानेच आखला. त्याला रस्ते जास्त रुंद हवे होते, मधूनमधून चंद्रकोरीसारखी वळणंही. वरिष्ठ कॅप्टन थॉमस म्हणाले, ही जिंजरब्रेडची (आल्याच्या केकवरची) नक्षी, काढून टाका! नावांची गंमत वेगळीच. थॉमस सोनेरी चष्मा लावून उमरावांच्या यादीतून बिशपांच्या (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या) इलाख्यांची नावं वाचत, कानाला बरं वाटलं की रस्त्याला देत. त्यातली चांगली नावं लिटलटन बंदर आणि समनर या जवळच्या गावांमध्येच संपली, म्हणून क्राइस्टचर्चच्या रस्त्यांना मद्रास आणि कोलंबो! पुढे जॉली कँटरबरीच्या (क्राइस्टचर्च ज्यात येतं त्या प्रांताच्या) प्रांतिक परिषदेत गेला, न्यूझीलंडच्या संसदेतही. जमिनीचा तुकडा न् तुकडा ज्याला ठाऊक, त्याला मतदार वेगळे शोधावे लागत नसणार.