राफ्टमध्ये गाइड असला की साहस संपते का?

खाडीकाठ (अलिबाग)

आमच्या एका नातेवाइकाने नुकतीच अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या राफ्टिंगची छायाचित्रे दाखवली. भोवती वाळवंट, दोन्ही बाजूंना तांबडे कडे आणि मधून कोलोरॅडो नदी, असे ते दृश्य देखणे आहे यात शंका नाही. परंतु मार्ग गाइडने ठरवायचा, स्वयंपाक त्याने करायचा, धोका त्याने ओळखायचा आणि आपण दोरी धरून ओरडायचे, या प्रकाराला साहस म्हणणे मला पटत नाही. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर हेच चालते. त्यातही दोन्हीकडची नदी मनाने वाहत नाही, धरणवाल्यांनी पाणी सोडले की वाहते. लाखो रुपये खर्चून केलेली ही सहल आहे आणि तिला सहलच म्हणावे.

कुंडलिकाकाठ (रोहा)

खाडीकाठ यांचे लिखाण वाचून राग आला, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. मी कुंडलिकेवर गाइड म्हणून काम केले आहे आणि नंतर काही उन्हाळे लडाखमध्ये झांस्कर नदीवर काढले आहेत. 'दोरी धरून ओरडायचे' हे वाक्य लिहिणाऱ्याने वल्ह्यांच्या राफ्टमध्ये पुढच्या जागेवर एकदा बसून पाहावे. सहा जण वल्हवत असतात आणि गाइड मागे बसून दिशा सांभाळत असतो. खळाळाच्या ऐन तोंडाशी त्या सहांपैकी तिघांनी घाबरून वल्हे आत घेतले, तर राफ्ट आडवी होते, आणि आडवी राफ्ट मोठ्या लाटेवर गेली की उलटते. ती उलटू द्यायची नसेल तर त्या तिघांना हाक मारून पुन्हा वल्ह्यावर आणावे लागते, आणि हाक ऐकू येईल इतका वेळ पाणी देत नाही.

गाइड काय करतो, हे जवळून सांगतो. कठीण खळाळाच्या वर राफ्ट काठाला लावायची, खडकावर चढायचे आणि पाणी पाहत उभे राहायचे. पाणी एखाद्या जागी काचेसारखे गुळगुळीत होऊन फुगते, तेव्हा तिथे वरच्या थराखाली दगड असतो आणि त्याच्या पलीकडे पाणी मागे फिरते. ते मागे फिरणारे पाणी माणसाला आणि राफ्टला धरून ठेवते. त्या दोन-तीन फुगाऱ्यांच्या मधून सरळ जाणारी काळसर जीभ शोधायची, ती लक्षात ठेवायची आणि खाली येऊन सहा नवख्या माणसांना समजेल अशा चार शब्दांत सांगायची. वरून दिसलेली जीभ राफ्टमध्ये बसल्यावर दिसत नाही, कारण नजर पाण्याच्या पातळीवर आलेली असते. हे सारे ज्याला नोकरासारखे वाटते, त्याने आपल्या बंदरातल्या तांडेलाकडे, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाकडे, पाहावे. तांडेलाच्या भरवशावर दर्यावर गेलेला खलाशी सहलीला गेला असे अलिबागेत कोणी म्हणत असेल, तर मला नाव कळवा.

गाइडशिवाय ग्रँड कॅन्यनची दरी कशी असते, याचेही उदाहरण आहे. जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकी संशोधक १८६९ मध्ये नऊ माणसे आणि चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीने निघाला. एक होडी फुटली, एक जण वाटेतच परतला, आणि पुढे एका भीषण खळाळापाशी तिघांनी नदी सोडून पायी वर चढून जायचे ठरवले. ते तिघे पुन्हा कधीच दिसले नाहीत. जे नदीत राहिले ते दोन दिवसांत बाहेर पडले. पुढचे पाणी ठाऊक असलेला कोणी सोबत असता, तर त्या तिघांना तो निर्णय घ्यावाच लागला नसता.

आणि 'नदी मनाने वाहत नाही' हे सरसकट विधान करू नका. झांस्करवर राफ्टिंगच्या टप्प्यात धरण नाही. तिथे थंड वाळवंट आहे, कडे उघडे-बोडके आहेत आणि पाणी वितळलेल्या बर्फाचे आहे. दिवसभर वितळलेले पाणी उशिरा खाली पोहोचत असल्यामुळे सकाळी पाहिलेला दगड दुपारनंतर पाण्याखाली गेलेला असतो.

दापोलीहून

मी ग्रँड कॅन्यनच्या नदीवर गेले आहे, गाइडसह गेले आहे, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. दरीच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या तळाकडून येणारे पाणी वर्षानुवर्षे आठ-दहा अंशांच्या आसपास राहत असे, आणि उन्हाळ्यात काठावर चाळीसच्या वर तापमान असते. म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास थंडीने अडतो आणि काठावर बसलेला माणूस उन्हाने कोमेजतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडतात. आमच्या गाइड बाई दर विश्रांतीला खारवलेले खाणे हातात ठेवत आणि ते संपेपर्यंत पुढे जात नसत. नुसते पाणी पीत राहिले की रक्तातले मीठ कमी होऊन माणूस बरळू लागतो, हे वाळवंटात नवख्याला कळत नाही. त्याला वाटते की आपण भरपूर पाणी पितो आहोत, म्हणजे सुरक्षित आहोत.

दुसरी गोष्ट कोकणातल्या प्रत्येक पर्यटकाने ऐकावी. तिथे मुक्कामाच्या वाळूवर माणसाची विष्ठासुद्धा मागे ठेवता येत नाही. धातूच्या बंद पेटीतून ती शेवटपर्यंत राफ्टवर वाहून न्यावी लागते. भांडी धुतलेल्या पाण्यातला भाताचा कण गाळून कचऱ्याच्या पिशवीत जातो. आमच्या समुद्रकिनाऱ्यांवर सोमवारी सकाळी काय पडलेले असते, ते मी इथे लिहीत नाही.

खाडीकाठ (अलिबाग)

तांडेलाचे उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्याच बाजूने जाते. खलाशी जाळे ओढतो, सुकाणू धरतो आणि पुढे स्वतः तांडेल होतो. तुमचा प्रवासी कधी गाइड होतो का? ग्रँड कॅन्यनमध्ये तर मोठ्या रबरी नळकांड्यांच्या मोटरच्या राफ्टही चालतात आणि त्यांत प्रवाशाच्या हाती वल्हेसुद्धा नसते.

दापोलीच्या ताईंना एक विचारतो. ज्याला स्वतःची राफ्ट स्वतः वल्हवायची आहे, त्याला तिथे परवान्यासाठी सोडतीत नाव घालावे लागते. २००६ मध्ये सोडत सुरू होण्यापूर्वी प्रतीक्षायादी होती आणि त्या यादीत माणसे दहा वर्षांहून अधिक काळ थांबत असत. मात्र कंपनीकडे पैसे भरणाऱ्याला जागा मिळत असे. स्वतःच्या हिमतीवर जाणारा रांगेत आणि पैसेवाला नदीत, ही व्यवस्था तुम्हाला न्याय्य वाटते का?

दापोलीहून

ती व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. त्या वाटणीबद्दल तिथल्या नदीवाल्यांत वर्षानुवर्षे भांडण झाले आहे आणि प्रतीक्षायादीतल्या लोकांचा राग रास्त होता. परंतु संख्येवर बंधन नको, असे त्यांच्यापैकी फारसे कोणी म्हणाले नाही. मुक्कामाला वाळूच थोडी आहे. पूर्वी नदी गाळ आणून वाळूचे काठ भरत असे. धरण झाल्यापासून तो गाळ जलाशयात अडकतो आणि काठ झिजत चालले आहेत. ते पुन्हा भरावेत म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम मोठे पाणी सोडले जाते.

वाशिष्ठी (चिपळूण)

'मुद्दाम मोठे पाणी सोडले जाते' हे वाक्य तुम्ही किती सहज लिहिलेत! २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात जे राहत होते, त्यांना ते सहज वाचता येत नाही. अतिवृष्टी होती, भरती होती, हे मलाही मान्य आहे. कोयनेच्या पाण्याचा त्यात किती वाटा होता, यावर आजही आमच्याकडे घराघरात वाद होतो. परंतु कोयनेचे पाणी वीज तयार करून पोफळीकडून वाशिष्ठीत येते, यात वाद नाही. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आले. धान्याचे डबे तरंगत होते आणि सासूबाईंना खिडकीतून बाहेर काढावे लागले. नदी किती वाढणार आहे, हे त्या रात्री आम्हाला कोणीही सांगितले नाही.

म्हणून माझा प्रश्न साहसाचा नाही. धरणाच्या पाण्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना पाणी कधी येणार हे नेमके कळते. काठावर राहणाऱ्याला ते का कळत नाही?

कुंडलिकाकाठ (रोहा)

वाशिष्ठीताई, तुमचे दुःख खरे आहे, पण ते राफ्टिंगच्या माथी मारू नका. कुंडलिकेत येणारे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून येते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे, मुळशीचे पाणी घाट उतरून तिथे येते आणि वीज झाली की नदीत सोडले जाते. राफ्ट असोत वा नसोत, ते येतच राहणार आहे. आमची मंडळी त्या पाण्याची वेळ पाहून राफ्ट उतरवतात, एवढाच आमचा संबंध आहे. भर उन्हाळ्यातही कोलाडला राफ्टिंग होते ते याच पाण्यामुळे.

वाशिष्ठी (चिपळूण)

'एवढाच संबंध' असे म्हणून सुटका होत नाही. ज्या मुळशीचे नाव तुम्ही घेतलेत, तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्यासोबत सत्याग्रह केला होता, कारण त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, आणि ती गेलीच. वीज मुंबईला गेली, पाणी तुमच्या व्यवसायाला मिळाले आणि जमीन मावळातल्या माणसाची बुडाली. हा इतिहास राफ्टमध्ये बसलेल्या एका तरी पाहुण्याला तुम्ही कधी सांगितलात का?

कुंडलिकाकाठ (रोहा)

सांगितला आहे, आणि अनेकदा सांगितला आहे. सगळे ऐकत नाहीत, हा माझा दोष नाही. आणि रोजगाराबद्दल बोलताना आवाज खाली ठेवा, ही विनंती. साजे आणि आजूबाजूच्या गावांतली मुले मुंबईला हमालीला जाण्याऐवजी आज गावात राहून कमावतात, ती याच पाण्यावर. बुडालेल्या जमिनीचा हिशेब त्यांच्याकडे मागणे हा अन्याय आहे.

देवगडचा

तुम्ही दोघे भांडा, पण माझ्या भाचीचे ऐका. ती कॉलेजच्या मुलींबरोबर कुंडलिकेवर गेली होती. तिच्या लाइफ जॅकेटची कडी तुटलेली होती आणि तिथे सुतळी बांधलेली होती. राफ्टमध्ये ठरल्यापेक्षा जास्त मुली बसवल्या होत्या आणि सूचना सांगायला जो उभा राहिला, त्याचे लक्ष फोनमध्ये होते. मुलगी पाण्यात पडली, वाचली, पण जॅकेट कानांपर्यंत वर आले आणि तिला श्वास घेता येईना. हा व्यवसाय कोणाचा होता, ते मी लिहीत नाही. पण पॉवेल आणि तांडेल यांची उदाहरणे देऊन गाइडची थोरवी सांगणाऱ्यांनी हेही सांगावे की असा गाइड नदीवर उभाच कसा राहतो. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यात अशा व्यावसायिकांची नोंदणी आहे. नोंदणीचा कागद दाखवा, असे किती पाहुणे म्हणतात?

कुंडलिकाकाठ (रोहा)

यावर मी वाद घालणार नाही, कारण अशी माणसे नदीवर आहेत आणि त्यांच्यामुळे आमच्याकडे बोट दाखवले जाते. पाहुण्यांनी एक गोष्ट स्वतः करावी. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळल्यावर सोबत्याला दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते परत करावे आणि दुसरे मागावे. दुसरे नाही असे उत्तर मिळाले, तर पैसे गेले तरी चालतील, पण राफ्टमध्ये बसू नये. सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे बचावासाठीची छोटी होडी, आहे का आणि पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची थैली गाइडच्या हाताशी आहे का, हेही किनाऱ्यावरच पाहावे. गाइड चांगला असला तर या प्रश्नांनी तो चिडत नाही.

खाडीकाठ (अलिबाग)

म्हणजे चांगला गाइड कोणता हे ओळखण्याची जबाबदारी प्रवाशाची, आणि एवढे त्याला कळत असेल तर तो निव्वळ प्रेक्षक राहत नाही. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. वल्ह्यांच्या राफ्टमधला माणूस साहस करतो, हेही मान्य करतो, नाइलाजाने का होईना. मोटरच्या राफ्टबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही.

दापोलीहून

मग सप्टेंबरच्या उत्तरार्धात जा. १५ सप्टेंबरनंतर तिथे मोटरला मनाई असते आणि ती मार्चअखेरपर्यंत टिकते. तुमच्या तक्रारीचे उत्तर तिथल्या नियमांतच आहे.

वाशिष्ठी (चिपळूण)

मोटर आणि वल्हे यांचा निकाल लागला असेल, तर माझ्या प्रश्नाकडे या. तुमच्या त्याच ग्रँड कॅन्यनच्या वर १९८३ च्या उन्हाळ्यात ग्लेन कॅन्यन धरणाचा जलाशय काठोकाठ भरला. सांडव्यांच्या बोगद्यांचे काँक्रीट पाण्याच्या माऱ्याने उखडले, दारांवर प्लायवूडच्या फळ्या लावून पाणी थोपवावे लागले, आणि नदीत सेकंदाला सुमारे २,६०० घनमीटर पाणी सोडले गेले. क्रिस्टल नावाच्या खळाळात मोटरच्या अजस्र राफ्टही उलटल्या आणि एका प्रवाशाचा जीव गेला. दरीत अडकलेल्या राफ्टवाल्यांना पाणी वाढत असल्याचे कळवायला हेलिकॉप्टरमधून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तिथे निदान चिठ्ठ्या टाकायचे कोणाला सुचले. कुंडलिकेवर पाणी सुटते तेव्हा खाली गुरे पाजायला आणलेल्या माणसाला कोण सांगतो?

कुंडलिकाकाठ (रोहा)

राफ्टवाल्यांना वेळ कळते. गुरे घेऊन आलेल्या माणसाला ती रोज कळते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नेहमीचे लोक सवयीने ओळखतात, पाहुण्यांची पोरे मात्र खडकावर बसलेली मी स्वतः हाका मारून उठवली आहेत. पाण्याची वेळ काठच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर रोज लिहिली जावी, असे पत्र आम्ही गाइड मंडळी सह्या करून देऊ शकतो. मसुदा मी या रविवारी इथेच टाकतो. चिपळूणचा अनुभव ताईंनी त्यात स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि देवगडच्या भाऊंनी नोंदणीच्या कागदाचे कलम घालावे.

वाशिष्ठी (चिपळूण)

लिहिते. पण 'विनंती' हा शब्द त्यात नको.