इंटरनेट रेडिओसाठी मोफत ऑटोमेशन (गाणी आपोआप लावणारे सॉफ्टवेअर) कोणते घ्यावे?

प्रश्न, फोंडा: आम्ही चार मित्र भजने आणि नाट्यपदे ऐकवणारे छोटे इंटरनेट रेडिओ केंद्र चालवतो. पावसाळ्यात वीज गेली की घरचा संगणक बंद पडतो आणि प्रक्षेपण तुटते. कोणते मोफत सॉफ्टवेअर योग्य ठरेल?

उत्तर, डिचोली: रेडिओडीजे सोपे आहे, पण ते विंडोजवर, म्हणजे तुमच्या घरच्याच संगणकावर चालेल आणि मूळ अडचण तशीच राहील. त्याऐवजी अझुराकास्ट हे मोफत रेडिओ सॉफ्टवेअर भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे घराबाहेर सतत चालू असणाऱ्या संगणकावर, बसवावे. घरून चाललेले थेट प्रक्षेपण मध्येच तुटले, तरी त्यातील ऑटोडीजे यादीतली गाणी पुढे लावत राहतो.

उत्तर, म्हापसा: सहमत आहे. सर्व्हरचे भाडे मात्र हिशेबात धरा. प्रत्येक फाइलमध्ये गायकाचे नाव आधीच भरा. आमच्याकडे ‘ट्रॅक ०१’ नावाची ४० भजने निघाली, ती ऐकून ओळखण्यात आठवडा गेला.