नववीचं सर्वेक्षण: आधी प्रश्न की आधी रिकामा तक्ता?

फळा_डस्टर:
पाणीवापराचं सर्वेक्षण हा प्रकल्पाचा ठरलेला विषय. मुलं तासाभरात तीस प्रश्न लिहितात, चाळीस घरं फिरतात आणि शेवटी त्या उत्तरांचं करायचं काय हे कुणालाच कळत नाही. म्हणून माझं मत: पहिल्या दिवशी प्रश्न लिहूच देऊ नयेत. आधी शेवटचा तक्ता आखायचा, आकडे रिकामे ठेवून. उभ्यात पाण्याचा स्रोत (घरचा नळ, सार्वजनिक नळ, बोअर, टँकर), आडव्यात काल भरलेले हंडे, तीन गटांत. ज्या प्रश्नाच्या उत्तराला तक्त्यात जागा नाही तो प्रश्न बाद. तीसाचे आठ-दहा उरतात. शिवाय चार गुणिले तीन म्हणजे बारा चौकटी, घरं चाळीस, म्हणजे चौकटीमागे सरासरी तीन-साडेतीन घरं. इतक्यावर निष्कर्ष काढता येत नाही, हे घरोघर फिरण्याआधीच मुलांच्या ध्यानात येतं.

कावळ्याची_कोठी:
साफ असहमत. तक्ता आधी आखला की मुलं त्यांना ठाऊक आहे तेवढंच विचारतात. तुमच्याच चार पर्यायांत ‘शेजारच्यांच्या नळावरून’ कुठे आहे? विकतचा जार कुठे आहे? आधी पाच-सहा घरी मोकळा प्रश्न टाकावा, ‘काल घरात पाणी कुठून कुठून आलं?’ उत्तर शब्दशः टिपायचं. वर्गात प्रत्येक उत्तराची चिठ्ठी करून सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे. त्या ढिगांचे पर्याय होतात. तक्ता त्यानंतर.

फळा_डस्टर:
त्यासाठीच ‘इतर’ असतं की.

कावळ्याची_कोठी:
‘इतर’पुढे रेघ असेल आणि मुलं ती भरून घेत असतील तरच. नुसती चौकट ठेवली तर तिथे गेलेलं उत्तर वाया गेलं समजा. प्रश्नावलीच्या दहा घरांच्या चाचणीत तीन-चार ‘इतर’ आले, तर पर्यायांची यादीच फसली.

वेलांटी:
तुमचं भांडण क्रमाचं आहे, पण खरा घोळ वाक्यांत होतो. ‘तुम्ही किती पाणी वापरता?’ यातलं ‘तुम्ही’ म्हणजे समोरची एकटी बाई की सगळं घर? मराठीत दोन्ही. एकीनं स्वतःच्या दोन बादल्या सांगितल्या, दुसरीनं सहा माणसांच्या बारा. सरासरीला काडीचा अर्थ उरत नाही. ‘काल तुमच्या घरात सगळ्यांसाठी मिळून’ असं लिहावं लागतं. लिटरही नको. हंडे-बादल्या विचारा, भांडं बघा आणि लिटर मुलांनी स्वतः मोजावेत.

दुसरं, नकारार्थी प्रश्न. ‘पाणी गाळल्याशिवाय पीत नाही ना?’ याला ‘हो’ म्हटलं काय आणि ‘नाही’ म्हटलं काय, अर्थ एकच निघू शकतो. हे चुकणं फक्त शाळेपुरतं नाही. अमेरिकेत जनमत चाचण्या घेणाऱ्या रोपर संस्थेनं १९९२मध्ये ज्यूंच्या संहाराबद्दल असाच दुहेरी नकाराचा प्रश्न विचारला. २२ टक्के लोकांनी ‘तो घडलाच नसेल, हे शक्य वाटतं’ असं उत्तर दिलं. १९९४मध्ये वाक्य सरळ केलं, तर प्रमाण १ टक्क्यावर आलं.

सरासरी_माणूस:
यात काळाची भर घाला. ‘साधारणपणे नळ किती वेळा येतो?’ याला लोक अंदाज ठोकतात. ‘गेल्या सात दिवसांत कोणकोणत्या वारी आला?’ याला आठवून सांगतात. एकाच कागदावर दोन मुदती मात्र नकोत. सरकारच्या घरोघरच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) अन्नखर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचाही, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, आणि दारिद्र्याच्या आकड्यांची १९९३-९४शी तुलना करता येते का यावर अर्थतज्ज्ञ पुढे बरीच वर्षं भांडले.

घंटा_झाली:
मंडळी, तास ३५ मिनिटांचा असतो! चिठ्ठ्या, ढीग, चाचणी हे सगळं बसवायचं कुठे? तयार, तपासलेली प्रश्नावली द्या आणि मुलांना आकडेमोड नीट शिकवा. सदोष प्रश्नावलीचा सुबक आलेख काढण्यापेक्षा ते बरं.

वेलांटी:
मग तयारच द्या, पण मुद्दाम बिघडवलेली. बारा प्रश्न, त्यांत पाच खोड्या, जसं की ‘५ ते १०’ आणि ‘१० ते १५’ असे एकमेकांवर चढलेले गट, ‘पाणी स्वच्छ आणि पुरेसं येतं का?’ असे एकात दोन. ‘पाणी जपून वापरता ना?’ असा, ज्याला कुणी नाही म्हणणारच नाही. जोडीजोडीनं शोधून दुरुस्त करायला एक तास पुरतो.

घंटा_झाली:
हे जमण्यासारखं आहे. पण तो व्याकरणाचा स्वाध्याय झाला. सर्वेक्षण नव्हे.

फळा_डस्टर:
कोठीवाले, मोकळ्या प्रश्नाची पाच घरं मान्य. तक्त्याचे पर्याय त्यांवरूनच ठरवू. मात्र ती घरं अंतिम चाळीसांत धरायची नाहीत; त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता.

कावळ्याची_कोठी:
चाचणीची दहाही नकोत मग. वाक्य बदललं की जुनी उत्तरं बाद.