मदत हवी आहे: हीटर सांभाळायला गेलो की पंखा बंद पडतो (पीएलसी, बिट लॉजिक)

नमस्कार मंडळी,

लॅडर (पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, त्याची चित्ररूप प्रोग्रामिंग भाषा) बऱ्यापैकी जमतं, पण बिटांच्या खेळात पार अडकलोय. सगळे आउटपुट एकाच १६ बिटी वर्डमधून (१६ शून्य-एकांचा मिळून एक आकडा) चालवतोय. बिट ० ते ३ वर चार हीटर, ४ वर पंखा, ५ वर भोंगा, ८ वर दाराचा दिवा. तापमान पीटी-१०० सेन्सरवरून येतं, दहापट करून: ८०५ म्हणजे ८०.५ अंश. ६० अंशांखाली चारही हीटर हवेत, ७० पर्यंत दोन, ८० पर्यंत एक, त्यावर एकही नको. म्हणजे हीटरच्या बिटांचा आकडा १५, ३, १ आणि ०.

आधी सरळ मूव्ह (अख्ख्या वर्डवर नवा आकडा लिहिणं) वापरलं. हीटर शहाण्यासारखे वागले, पण पंखा बंद! १५ लिहिताना बिट ४ वर शून्य जातं, हे उशिरा कळलं. मग ऑर केलं (दोन्हींपैकी एकात जरी १ असेल तरी १). पंखा वाचला, पण एकदा लागलेले हीटर विझेचनात. ८६ अंशांवर मीच मेन स्विच खाली ओढला. शेवटी एक्सऑर (दुसऱ्या आकड्यात १ असेल तिथला बिट उलटवणं). रिलेंनी जो कडकडाट केला तो विचारू नका.

आता २४० शी अँड करून (दोन्हींत १ असेल तिथेच १) हीटर पुसतो. पंखा राहतो, पण दाराचा दिवा जातो. काय चुकतंय?

प्रतिसाद १

२४० हा आठ बिटांचा मास्क (कोणते बिट ठेवायचे ते ठरवणारा आकडा) आहे, तुमचा वर्ड १६ बिटांचा. वरचे आठ बिट शून्याशी अँड होतात, म्हणून दिवा जातो. खालचे चार सोडून सगळे १ हवेत, म्हणजे ६५५२०. चिन्हांकित (ऋण आकडेही दाखवणाऱ्या) वर्डमध्ये हाच आकडा -१६ दिसेल, दचकू नका.

तापमानाच्या तुलनेचा निकाल (१५, ३, १ किंवा ०) आउटपुटवर न लिहिता वेगळ्या वर्डमध्ये ठेवा. मग प्रोग्रामच्या शेवटी, एकदाच: आउटपुट अँड -१६, आलेलं उत्तर ऑर निकाल. मध्ये क्षणभर हीटर शून्य होतात, पण खरे आउटपुट सहसा स्कॅन (प्रोग्रामची एक फेरी) संपल्यावरच बदलतात, त्यामुळे रिले हलत नाही. एक्सऑर दर स्कॅनला बिट उलटवतं. ते पल्सवरच (एकाच स्कॅनपुरत्या इशाऱ्यावर) चालवायचं.

प्रतिसाद २

मास्क बरोबर आहे, पण एवढ्याशा आउटपुटसाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला? प्रत्येक हीटरला लॅडरमधली स्वतःची ओळ (rung) द्या, रात्री दोन वाजता दुरुस्तीला येणारा दुवा देईल. तापमानाच्या पायऱ्या वारंवार बदलणार असतील तरच टेबल (पायऱ्या आणि त्यांच्या आकड्यांचा तक्ता) आणि मास्क परवडतात.

दुसरं, ७९९ आणि ८०० मध्ये तापमान हेलकावे खाईल तेव्हा रिले पुन्हा तडतडणार. शेवटचा हीटर ८०० ला बंद करा, ७८० च्या खाली आल्यावरच लावा. मधल्या पट्ट्यात निकालाच्या वर्डला हातच लावू नका. बाकीच्या पायऱ्यांनाही तसंच. आणि ते ८६ अंश वाचून काळजी वाटली. हीटरच्या कॉन्टॅक्टरला (वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेला) पीएलसीबाहेरचा वेगळा थर्मोस्टॅट सिरीजमध्ये हवाच.

मूळ प्रश्नकर्ता

-१६ ने काम झालं, दिवा आणि पंखा दोन्ही जागेवर! पायऱ्या उत्पादनानुसार बदलतात, म्हणून टेबलच ठेवतोय. थर्मोस्टॅट आजच मागवतो.

एक शंका: सेन्सर शॉर्ट झाला तर तापमान खूप कमी दिसेल आणि चारही हीटर लागतील ना?

प्रतिसाद १

हो, नेमकं तेच होईल. वाचन शक्य कक्षेबाहेर गेलं की निकालाचा वर्ड शून्य करा आणि बिट ५ ऑर करून भोंगा वाजवा. ही तपासणी तापमानाच्या तुलनांनंतर ठेवा; आधी ठेवलीत तर तुलना तिच्यावर पुन्हा १५ लिहितील.