मदत हवी आहे: हिमाचलात बर्फ पडला की रावेरला थंडी कधी पोचते, हे आधी कसं ओळखायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी माझी केळी आहे. अर्धी बाग निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या टप्प्यावर. पारा १० अंशांखाली टिकला की घड गळ्यातच अडकतो, पानांवर चरका (थंडीने करपल्यासारखे डाग) दिसतो. त्यामुळे अंदाज दोन दिवस आधी हवा असतो. रात्रीचं पाणी आणि बांधावरचा धूर, दोन्हीला वीज अन् माणसं जुळवावी लागतात. घडांना स्कर्टिंग बॅगा (झाकायच्या पिशव्या) घातल्यात, उत्तरेला वारा अडवायला शेवरीची झाडंही आहेत, म्हणून उपाय नकोत, फक्त अंदाजाबद्दल विचारतोय.

मोबाईलवरचं ॲप जळगाव शहराचं तापमान दाखवतं. आमचं शिवार खोलगट. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री डोंगराकडची गार हवा इथेच साचते, आणि बागेतला थर्मामीटर पहाटे ॲपपेक्षा बराच खाली असतो. हवामान खात्याच्या पत्रकात पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून हिमालयाकडे येणारी, पाऊस-बर्फ आणणारी प्रणाली) आणि हिमाचल-उत्तराखंडातल्या बर्फवृष्टीचा इशारा मी रोज वाचतो. झंझावात असताना इकडे ढग आले तर रात्र उलट उबदार जाते. तो पुढे सरकून उत्तरेचे वारे सुटले की गारठा. इथवर कळतं. पण प्रत्येक बर्फवृष्टीनंतर थंडी तापी खोऱ्यापर्यंत येत नाही! कधी मध्येच पूर्वेचे दमट वारे घुसतात आणि सगळं फिस्कटतं.

विंडी या हवामानाच्या ॲपवर ८५० हेक्टापास्कलचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे वारे बघतो. थंडी खानदेशात उतरणार की माळव्यातच अडणार, हे ठरवायला तेवढं पुरतं का, की सोबत दवबिंदू (हवेतला ओलावा दाखवणारं तापमान) आणि ढगांचा नकाशाही बघावा लागतो?